शेवटून दुसरा शुभेच्छुक

सिनेमा संपला, हे आमच्या घरमालकांना पटवून देणं फार अवघड काम होतं. पडद्यावर नावं सुरू व्हायची, लोक उठायचे, दारं उघडून बाहेरचा उजेड आत यायचा, झाडूवाला पुढच्या रांगेतल्या लाह्या गोळा करायला लागायचा, तरी हा गृहस्थ खुर्चीत मांडी घालून बसलेला. "मालक, उठा आता," म्हटलं की म्हणायचे, "थांबा सर. मागून कोनीतरी येतं."

मालक बघायचे त्या परदेशी सुपरहिरोंच्या सिनेमांत येतही असे म्हणा. नावं संपल्यावर एखादा तुकडा दाखवायची त्यांची पद्धतच आहे. पण मालकांनी ती पद्धत सगळ्या आयुष्याला लावली होती. लग्नाला गेले की मांडववाला सतरंज्या गुंडाळेपर्यंत थांबायचे. कीर्तनाला गेले की माईकवाला वायरी गोळा करेपर्यंत. एकदा आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला आले, तर शिपाई कुलूप घेऊन दारात उभा आणि हे रिकाम्या मंडपात पहिल्या रांगेत. शेवटी मीच हाताला धरून त्यांना बाहेर काढलं. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता, हेही सांगून टाकतो. भूक लागली की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही.

कोपरगावात मी रसायनशास्त्र शिकवायला आलो आणि त्यांच्या फ्लेक्सच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. खाली दिवसभर मशीन घर्रघर्र करायचं आणि शाईचा वास माझ्या भातापर्यंत पोहोचायचा. मालक पन्नाशीचे, बुटके, पोट सुटलेले. अंगात सफारी आणि सफारीच्या आत स्वतःच छापलेला सुपरहिरोचा बनियन. वरची दोन बटणं कायम उघडी, म्हणजे हिरोला श्वास घेता यावा. वहिनी म्हणायच्या, "मी येकटीनं दोगांचे कपडे धुते. येक ह्यांचे, येक त्या उडनाऱ्याचे."

परदेशी सिनेमा हिंदीत लागायचा आणि मालक तो मराठीत बघायचे. एका पथकात पाच जण होते, त्यांना खरी नावं काहीतरी लांबलचक होती. मालकांनी त्यांचं बारसं नव्याने केलं. वारा वळवणारा तो वाऱ्या. पाणी उचलणारी बाई ती गोदाक्का. मग लोहार, मुका आणि वीजवाला. हा शेवटचा त्यांचा लाडका. हाताच्या मुठीत वीज धरणारा, भयंकर तापट, कुणाचं ऐकून न घेणारा. मालक पडद्याशी घरच्यासारखं बोलायचे. "आरं मागं बघ की, येड्या!" "येकटा जाऊ नको, बाकीच्यान्ला हाक मार!" आणि सगळे एकत्र येऊन रांगेत उभे राहिले की तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारायचे की पुढच्या रांगेतली तान्ही पोरं रडायला लागायची. पाच जण एका घरात राहायला आले तेव्हा त्यांना वेगळीच काळजी. "सर, येवढ्या मानसांचा सैपाक कोन करतं वो?"

एकट्या हिरोचे सिनेमे त्यांना फारसे आवडत नसत. ते म्हणायचे, "येकटा हिरो म्हंजी वाढदिवसाचा फ्लेक्स. समदे येकत्र म्हंजी लग्नाचा."

फ्लेक्स हेच त्यांचं जग. आमच्या जिल्ह्यात माणूस जन्मला, पास झाला, निवडून आला, पडला, मेला, तरी चौकात फ्लेक्स लागतो. शर्यतीच्या बैलाचा वाढदिवससुद्धा मी त्यांच्या दुकानात छापताना पाहिला आहे. वर बैल गॉगल लावून, आणि खाली शुभेच्छुकांच्या छोट्या छोट्या फोटोंची ओळ. ती ओळ बघत मी एकदा चहा पीत बसलो होतो, आणि माझ्या लक्षात आलं की शेवटून दुसरा चेहरा मी आधी कुठेतरी पाहिला आहे. चौकडीचा शर्ट, कानावर ब्रश खोचलेला, विशीतला पोरगा. बैलाच्या फ्लेक्सवर तो होता, सोसायटीच्या चेअरमनच्या फ्लेक्सवर होता, एका गणेश मंडळाच्या स्वागतफलकावरही होता. सगळीकडे शेवटून दुसरा.

एका पुढाऱ्याच्या माणसाने तो एकदा पकडलाही. "ह्यो कोन? आमच्या वार्डातला न्हाई ह्यो."

मालक मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "इरोधी गटातून आलाय. आत्ताच."

तो माणूस खूश होऊन फ्लेक्स घेऊन गेला.

मला ती गोष्ट वहिनींनी सांगितली, अंगणात शेवया वाळत घालता घालता. तो मालकांचा धाकटा भाऊ. हाताला फार वळण होतं त्याच्या. गावातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, तालमीच्या भिंतीवरचे पैलवान, सगळं त्याचंच. दोघे भाऊ लहानपणी जत्रेतल्या तंबूत सिनेमे बघायचे. थोरला शिट्ट्या मारायचा आणि धाकटा घरी येऊन कोळशाने भिंतीवर हिरो काढायचा. मग थोरल्याने कर्ज काढून फ्लेक्सचं मशीन आणलं. धाकटा काही दिवस दुकानात बसून फ्लेक्सच्या कडा कापत राहिला. एके दिवशी गिऱ्हाईक समोर असताना थोरला हसत हसत म्हणाला, "ब्रश ठीव आता. तुझं आठ दिसांचं काम हे दहा मिन्टांत करतंय." धाकट्याने ब्रश ठेवला, रॉकेलने हात धुतले, आणि निघून गेला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.

"पोलिसात दिलं, पेपरात दिलं," वहिनी म्हणाल्या. "मंग ह्यांच्या डोक्यात आलं, की आपला फ्लेक्स पार नाशकापस्तोर जातो. कुटंतरी त्यो बघंल, न्हाईतर वळखीचं कोनी बघंल. फोटू तरी कुटं धड हाय? आमच्या लग्नातल्या फोटोतून कापलाय."

म्हणजे सगळ्या तालुक्याच्या वाढदिवसांना मालकांचा हरवलेला भाऊ शुभेच्छा देत होता. मी वर खोलीत गेलो आणि त्या दिवशी पहिल्यांदा मशीनच्या आवाजाबद्दल कुरकुर केली नाही.

अशात तो मोठा सिनेमा आला. पाचही जण एकत्र, आणि तोही दोन भागांत. पहिला भाग बघायला मालक अंघोळ करून, कपाळाला अष्टगंध लावून निघाले आणि थेटरच्या पायरीवर नारळ फोडला. मॅनेजरने कानाडोळा केला. त्याच्या मुलीच्या लग्नाचा फ्लेक्स मालकांनीच छापला होता.

त्या भागात वीजवाला बाकीच्यांशी भांडून निघून गेला. मालक खुर्चीच्या टोकावर. "जाऊ दिऊ नका रं त्याला! कोनीतरी आडवा!" पडद्यावर कुणी अडवलं नाही. शेवटी संकट आलं तेव्हा तो एकटाच परत आला आणि एक भलामोठा मनोरा त्याच्या अंगावर कोसळला. सिनेमा तिथेच संपला. थेटरात चिडीचूप. नावं सुरू झाली, सरली, पडदा पांढरा झाला. मागून कुणीही आलं नाही. मालक तरी बसून राहिले. झाडूवाल्याने त्यांच्या पायाखालचं झाडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांची टिंगल सुरू झाली. "गेला तुमचा वीजवाला! आता दहावा घाला." आमच्याकडे टिंगल करायला माणसाला निमित्त लागत नाही, पण मालकांनी ती टिंगल उचलून धरली. "घालू. कावळा सांगंल खरं-खोटं."

आणि खरंच दहाव्या दिवशी सकाळी मालक गोदावरीच्या घाटावर हजर. मी, टपरीवरचे दोघे-तिघे रिकामटेकडे, आणि पत्रावळीवर वहिनींनी शिव्या देत शिजवून दिलेला भात. घाटावर एका घरचा खरा दहावा नुकताच उरकला होता. त्यांच्या पिंडाला कावळा पटकन शिवला होता, मंडळी हात जोडून परतली होती. कावळे अजून तिथेच होते, चांगले धष्टपुष्ट. पण मालकांच्या भाताकडे एकही फिरकेना. एक जण जवळ यायचा, थबकायचा, उडून जायचा.

टपरीवाले गंभीर झाले. एक जण हळूच म्हणाला, "आयला, खरंच जित्ता हाय का काय?"

मी शास्त्र शिकवणारा माणूस. मला कारण दिसत होतं. मालक त्या पत्रावळीला जवळजवळ चिकटून उभे होते, हातात उघडी छत्री. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "मालक, तुम्ही बाजूला झाल्याशिवाय कावळा येणार कसा?"

ते पाण्याकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हनूनच तर उभा हाय सर."

हा माणूस कुणासाठी उभा आहे ते मला तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर मालकांचे मामा आले. येसगावकडचे, धोतर-टोपीवाले, सरळ माणूस पण बोलायला फटकळ. ओट्यावर बसून त्यांनी विषय काढला. बारा वर्षं उलटून गेली. एवढी वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसेल तर दर्भाचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म करायचं, असं शास्त्र सांगतं.

"तुजी आई त्याची वाट बगत गेली," मामा म्हणाले. "आता तू तरी त्याला मोकळा कर. अन् सोताला बी कर. येत्या आवशीला उरकून टाकू. फ्लेक्स तुज्याच मशीनीवर निगंल."

"मामा, समद्या तालुक्याच्या श्रद्धांजल्या छापल्या म्या. ही न्हाई छापनार."

"मंग काय जलमभर असंच? त्या बैलाच्या खाली फोटू लावून भाऊ माघारी येतो का?"

मालक वहिनींकडे बघायला लागले. वहिनी सुपातले खडे वेचत होत्या. त्यांनी वर न बघता एवढंच म्हटलं, "मामा काय वाईटाचं सांगत न्हाईत. मी बी थकले आता. दार वाजलं की तुमी जेवता जेवता उठता."

मालकांनी जे उत्तर दिलं ते फक्त तेच देऊ शकत होते. "पुडचा भाग येऊ द्या. त्यात वीजवाला न्हाई आला, तर तुमी म्हनाल तसं. पुतळा करू, फ्लेक्स बी छापू."

मामांना काही कळलं नाही. मला त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं: कोण वीजवाला, कसला मनोरा, कुठला भाग. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होते, कॉलेजात हेच शिकवता का. पण शब्द म्हणजे शब्द. "बरं," ते म्हणाले. "पर मी सोता बगनार. तुज्या सांगन्यावं इस्वास न्हाई माजा."

अशा रीतीने दुसऱ्या भागाच्या पहिल्या खेळाला आम्ही तिघे शेजारी शेजारी बसलो: मधे मालक, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काठी गुडघ्यांत धरलेले मामा. मला आयुष्यात कुठल्या परीक्षेच्या निकालाला एवढी धडकी भरली नव्हती. एका हाणामारीच्या सिनेमावर एका माणसाचं क्रियाकर्म अडलेलं, आणि हे त्या सिनेमा काढणाऱ्याला काय माहीत!

मध्यंतरापर्यंत वीजवाल्याचं नाव नाही. मामा मात्र हळूहळू रंगात आले. गोदाक्काने अख्खी नदी उचलली तेव्हा म्हणाले, "हिला आपल्या कालव्यावं बशिवली पायजे." मुक्याला शत्रूंनी घेरलं तेव्हा काठी आपटून ओरडले, "हान! हान त्याला!" शेवटी सगळे एका रांगेत उभे राहिले, आणि रांगेत एक जागा रिकामी होती. सगळं थेटर शिट्ट्या मारत होतं. मालकांनी शिट्टी मारली नाही. ते त्या रिकाम्या जागेकडे बघत होते आणि माझं मनगट त्यांच्या हातात होतं.

चौघांनीच लढाई जिंकली. सिनेमा संपला. नावं सुरू झाली.

मामा उठले, धोतर झटकलं. त्यांचाही आवाज जरा उतरला होता. "चल पोरा. झालं."

"थांबा मामा. मागून कोनीतरी येतं."

"आरं, दिवे लागले की."

"लागू द्या."

मामा उभेच राहिले. थेटर रिकामं झालं. नावं काही संपेनात. एवढी माणसं लागतात एका सिनेमाला, हे मला तेव्हा कळलं. शेवटचं नाव वर सरकलं आणि पडदा काळा झाला. मी डोळे मिटले. मालकांच्या हाताची पकड घट्ट झाली म्हणून उघडले, तर पडद्यावर कुठलंतरी डोंगरातलं गाव, एक अंधारी झोपडी, आणि एका हाताच्या मुठीत हळूहळू उजळत जाणारा दिवा. त्याला वायर नव्हती. चेहरा दाखवलाच नाही. पण मूठ कुणाची ते कळायला शिक्षण लागत नव्हतं.

झाडूवाल्याने झाडू टाकून शिट्टी मारली. मामा मटकन खाली बसले. "आयला," ते म्हणाले, "गडी हाय की!" आणि मग मालकांच्या पाठीवर थाप मारून, "न्हाई करायचा पुतळा. राहू दे."

बाहेर आल्यावर मी मालकांना विचारलं, "आज शिट्टी कशी नाही मारलीत?"

"येक राखून ठिवली हाय," ते म्हणाले, आणि गाडीला किक मारली.

त्या आनंदात त्यांनी जन्मातला सगळ्यात मोठा फ्लेक्स छापला. वर पाचही हिरो, मधे 'पुनरागमनाबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुक: मामा टोपीसकट, वहिनी, झाडूवाला, मी कॉलेजच्या ओळखपत्रावरच्या चोरासारख्या फोटोत, आणि नेहमीच्या जागी तो. चौकात तो फ्लेक्स थोडे दिवस टिकला. मग एका वाढदिवसाला जागा हवी म्हणून उतरवला गेला. उतरवलेला फ्लेक्स आमच्याकडे कुणी टाकत नाही. कांद्यावर पडतो, गोठ्यावर चढतो, ऊसतोडीच्या कोपीवर छप्पर म्हणून जातो. हा गेला एका भांडीवाल्याकडे. तो जिल्हाभरचे आठवडे बाजार करायचा आणि पालावर ऊन अडवायला त्याला असंच काहीतरी लागायचं.

मी आता नगरला असतो. बदली झाली, लग्न झालं, पोट मलाही सुटलं. सिनेमाला गेलो की नावं संपेपर्यंत उठत नाही. बायको दारात उभी राहून खुणा करते, तिला भूक लागलेली असते, आणि मी तिला सांगतो की थांब. ती चिडते. मी चिडत असे तशीच. पण मी ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आहे, तर उठू कसा?

माझ्या बदलीच्या आधीची गोष्ट. पावसाळा सरून ऊन पडलं होतं. कॉलेजच्या कार्यक्रमाचा बॅनर सांगायला मी भरदुपारी दुकानात उभा होतो. मालक पाठमोरे, मशीनवर वाकलेले. एक माणूस आत आला. दाढी पिकायला लागलेली, नखांत हिरवा-पिवळा रंग, काखेत गुंडाळलेला फ्लेक्सचा तुकडा. त्याने तो काउंटरवर पसरला. वर वीजवाल्याचा अर्धा पाय, खाली शुभेच्छुकांची ओळ.

"हे कोनी छापलंय?" आवाज तापलेला होता. "राजूरच्या बाजारात भांड्यांच्या पालावं माजं थोबाड टांगलंय. कोपऱ्यात ह्या दुकानाचं नाव. मला न इचारता माजा फोटू कोनी छापला? अन् शर्ट निळा केलाय. माजा शर्ट हिरवा हुता."

मशीन चालूच होतं. मालक वळले नाहीत. त्यांच्या मानेवरून मला दिसत होतं की त्यांनी ऐकलं आहे.

"चुकलंच," ते मशीनकडेच बघत म्हणाले. "ह्या मशीनला हिरवा नीट येत न्हाई. पयल्यापासूनच."

तो माणूस म्हणाला, आणि आता आवाज तापलेला नव्हता, "मी तिकडं शाळंच्या भिंती रंगिवतो. आश्रमशाळा, अंगनवाड्या. पाखरं, झाडं, बाराखडी. भिंती लई खडबडीत हायेत डोंगरात. तिथं तुजं मशीन चडत न्हाई."

"न्हाई चडनार," मालक म्हणाले. "तिथं हातच पायजे." आणि त्यांनी मशीन बंद केलं.

मी त्या दुकानावर इतकी वर्षं राहिलो, पण तिथली शांतता मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मालक वळले. भावाकडे बघत त्यांनी तोंडात दोन बोटं घातली. नुसता वारा आला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा वाराच. ओठ थरथरत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि राखून ठेवलेली शिट्टी काही केल्या निघेना.

धाकटा क्षणभर बघत राहिला. मग त्याने आपली रंगाने माखलेली दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की रस्त्यावरचे लोक थांबले.

आतून वहिनींचा आवाज आला, "आवो, घर हाय हे, थेटर न्हाई!" आणि पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या.